जत्रेचा मोसम, जर्मनीतला आणि आपला



माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याला शिकतो. दिवाळीत चार दिवस नरडाण्याला येतो आणि चारही दिवस कानात बोंडं घालून बसतो. यंदा मी म्हटलं, "बाबा, ऐकतोस तरी काय एवढं? मलाही दाखव." त्याने मोबाइल पुढे केला. आधी आवाज आला, पत्र्याच्या शेडवर कुणी दगडांचं पोतं रिकामं करावं तसा. मग चित्र दिसलं. मोकळं शेत, शेतात उंच मंच, मंचावर केस मोकळे सोडलेले चार-पाच बाप्ये, आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत माणूस. सगळे गुडघाभर चिखलात. मागे तंबू, ट्रक, जनरेटर, खायच्या गाड्या.

"मावशी, हे हेवी मेटल. जर्मनीतलं वाकेन नावाचं गाव आहे."

मी म्हटलं, "अरे, ही तर जत्रा आहे. आणि तो मंचावर आहे तो फड."

तो हसला. पण मला ते हसण्यावारी नेता येईना. त्याला रोज थोडं थोडं विचारत गेले, स्वतःही वाचलं, आणि त्यातून आजचं हे भाषण तयार झालं. आजचा विषय आहे मोसमावर जगणारे कलावंत. सुरुवात त्यांच्यापासून करते, पण बोलायचं आहे ते आपल्याकडच्या फडाबद्दल.

वाकेन हे दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं, गाईगुरांचं गाव. जर्मनीच्या उत्तरेला. तिथे १९९० साली गावातल्या पोरांनी सहा बँड बोलावून दोन दिवसांचा कार्यक्रम केला, तेव्हा आठशेच्या आसपास माणसं आली. आता जुलै-ऑगस्टच्या सांध्याला पंच्याऐंशी हजार येतात. गावाच्या अग्निशमन दलाचा स्वतःचा वाजंत्री ताफा आहे, तोही तिथे वाजवतो. शेतकरी कुरणं भाड्याने देतात. आणि ऐका, २०१७ साली त्यांनी जमिनीखालून बीअरची पाइपलाइन टाकली! शिंदखेडा तालुक्यातल्या बाईने हे वाचून काय म्हणावं? उन्हाळ्यात नळाला कधी पाणी येईल म्हणून हंडे रांगेत लावून बसणाऱ्या आपण.

हे संगीत आलं कुठून, हेही सांगते, कारण त्यात एक आई आहे. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता. आईने दटावलं, धरलेलं काम नीट संपवून ये. तो गेला आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. पोरगा डावखुरा, म्हणजे त्याच हाताने गिटारीच्या तारा दाबायचा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून जो जड, खर्जातला आवाज निघाला त्याने पुढे जगभर धुमाकूळ घातला. त्यांच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी १९७० सालची. गिरण्यांचे भोंगे ऐकत वाढलेल्या धुळे-अमळनेरच्या माणसाला हे काही परकं वाटणार नाही.

या बँडवाल्यांची खरी कमाई उन्हाळ्यात. तिकडचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. जूनमध्ये इंग्लंडात डॉनिंग्टन, फ्रान्समध्ये क्लिसाँ, बेल्जियममध्ये डेसल, ऑगस्टमध्ये वाकेन आणि मग आणखी कितीतरी गावं. बहुतेक सगळ्या जत्रा शुक्रवार-शनिवार-रविवारला धरून. त्यामुळे आज इथे वाजवायचं, रात्रीतून सामान आवरायचं, बसमध्ये फळीवर झोपायचं आणि सकाळी दुसऱ्या देशात उतरायचं. मोठ्या बँडचं वेगळं. आयर्न मेडन नावाच्या बँडचा तर गायकच विमान चालवतो. २००८ च्या फेब्रुवारीत तो आपला सगळा ताफा आणि सामान त्याच विमानातून मुंबईला घेऊन आला होता. पण लहान बँडला दुपारच्या उन्हात चाळीस मिनिटं मिळतात आणि डिझेलचा खर्च निघाला तर निघतो. मग ते मंचाशेजारी टेबल मांडून आपल्या नावाचे बनियन विकतात. २०१९ साली दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड वाकेनला गेला. गिटारींच्या बरोबरीने त्यांनी तिथे पंजाबी ढोल वाजवला. भाच्याने तेही दाखवलं. ढोल ऐकू आला तेव्हा मी पहिल्यांदा मान डोलावली.

आता आपल्याकडे या.

तमाशाचा मोसम दसऱ्याला उघडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास मिटतो. त्यातही खरा पैसा चैत्र-वैशाखातला. रब्बी घरात आलेली असते, शेत मोकळं असतं, आणि गावोगावच्या देवांच्या जत्रा पाठोपाठ लागतात. आपल्याकडे मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा, तापीकाठी घोड्यांचा बाजार आणि त्याच्या बाजूला तमाशाचे तंबू. चैत्री पौर्णिमेला धुळ्यात पांझराकाठी एकवीरा देवी. वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा. आणि मध्ये आपली आखाजी. म्हणजे आपण माहेरी येऊन झोके घेतो, त्या दिवसांत फडावरच्या बाईला एकही रात्र रिकामी नसते. तिची आखाजी ट्रकमध्ये.

जत्रेत फड ठरवायचा म्हणजे सुपारी द्यायची. त्यासाठी पुणे जिल्ह्यात नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. मोसमात तिथे फडमालकांच्या राहुट्या ओळीने लागतात, दारावर फडाच्या नावाचे फलक. गावकीची माणसं येतात, राहुटीत बसून घासाघीस करतात आणि तारीख पक्की करतात. पाडव्याच्या आगेमागे तिथे सगळ्यात जास्त गर्दी. आपल्या खान्देशातलेही फड आहेत. भिका-भीमा सांगवीकर, आनंद महाजन जळगावकर ही नावं तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा, डोळे चमकतील.

आणि तुम्ही म्हणाल, आमचे का नाही चमकत?

कारण आपल्याला पाहूच दिलं नाही. माझं माहेर तापीकाठचं. चैत्रातल्या रात्री आम्ही धाब्यावर झोपायचो. गावाबाहेर फड उतरला की पहिल्यांदा हलगी कडाडायची, मग ढोलकी, मग तुणतुण्याची तार. घरातले सगळे बाप्ये तिकडे. आम्ही बाया धाब्यावर चांदण्यात पडून, कान तिकडे. माझी काकू नुसत्या आवाजावरून सांगायची, आता गण झाला, आता गवळण लागली, आता मावशीचं सोंग आलं, आता वग उघडला. तिने आयुष्यात एक तमाशा पाहिला नव्हता, पण पहाटेपर्यंतचा सगळा क्रम तिला तोंडपाठ होता. सकाळी फडावरच्या बाया विहिरीवर पाण्याला आल्या, की आम्हाला आत बोलावून घ्यायचे. एकीच्या काखेला लहान लेकरू होतं. चेहऱ्यावर रात्रीचा रंग अर्धा राहिलेला. तिने माझ्याकडे बघून हसायला आणि आईने मला हाक मारायला एकच गाठ पडली. त्या बाईला पाणी दिलं गेलं ते वरून ओतून. फडातल्या बहुतेक बाया महार, मांग, कोल्हाटी घरातल्या. विहिरीवर काय चाललं होतं हे मला समजायला पुढे बरीच वर्षं गेली.

या बायांचा इतिहास मुळात जुना आहे, पण मंचावर त्या उशिरा आल्या. पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांनी लावण्या रचल्या, आणि फडात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. पुढे पट्ठे बापूराव आले. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, जातीने ब्राह्मण, जन्म १८६६. आणि त्यांच्या फडात संगमनेरजवळच्या हिवरगाव पावश्याची पवळा. ती महाराघरची. ढोलकीच्या फडावर नाव गाजवणारी पहिली बाई म्हणून तिच्याकडे बोट दाखवतात. तिला बघायला मुंबईच्या थिएटरांत गर्दी लोटायची. लंडनमध्ये चार पोरींनी मिळून गर्लस्कूल नावाचा हेवी मेटल बँड काढला तो १९७८ साली, आणि तिकडे त्याचं केवढं अप्रूप झालं! पवळा त्याच्या कितीतरी आधीची. तेही अशा काळातली, की तिच्या जातीच्या बाईला देवळात पाऊल टाकता येत नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं आणि लगोलग मुंबई सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. कलावंतांनी आरडाओरडा केला, मग बंदी उठली, पण वग आधी सरकारला दाखवून मंजूर करून घ्यायची अट आली. ढोलकीवाल्याला, सोंगाड्याला, नाचणारीला त्या मधल्या काळात काय खायला मिळालं हे कुठल्या अहवालात नसतं. मला त्या सुधारणेबद्दल राग नाही, सगळंच काही चोख नव्हतं. पण सुधारणा करणाऱ्यांत फडावर नाचलेली बाई किती होती, एवढं विचारावंसं वाटतं.

विठाबाई नारायणगावकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा फड. त्यांच्याबद्दलची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले, आणि त्या मंचावर. नाचतानाच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली, आणि लुगडं कसून पुन्हा बाहेर येऊन उभ्या राहिल्या, कारण समोर लोक थांबले होते. ही गोष्ट सांगताना माणसं "काय ती निष्ठा" म्हणतात. मला प्रत्येक वेळी वेगळाच प्रश्न पडतो. त्या रात्री त्या घरी का नव्हत्या? कारण मोसम चालू होता. सुपारी घेतलेली होती. नाव त्यांचं होतं, त्या उभ्या राहिल्या नाहीत तर तमाशा झाला असं गावकीने मानलं नसतं, आणि साठ-सत्तर माणसांची त्या दिवसाची भाकरी त्यावर होती. कुणी नवस बोलून असं बाळंत होत नाही, मैत्रिणींनो.

१९६२ च्या चीन युद्धात विठाबाई सीमेवर जवानांसमोर नाचल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झाला, १९५७ ला आणि १९९० ला. आणि २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावं लागलं. आता सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

त्या पुरस्काराचा पहिला मान मिळाला कांताबाई सातारकरांना. त्यांचं आयुष्य मला विठाबाईंइतकंच मोठं वाटतं, पण सांगितलं कमी जातं. घर दगडखाणीत राबणाऱ्यांचं. तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या, त्यांच्याशी संसार झाला, आणि मंचावर त्या पुरुषांच्या भूमिका करू लागल्या. छत्रपती शिवाजी महाराजांचीसुद्धा. १९६४ साली खेडकर वारले. जो फड त्यांनी आणि कांताबाईंनी मिळून उभा केला, त्यात कांताबाईंना जागा उरली नाही. पोरं पदरात घेऊन त्या बाहेर पडल्या, दुसऱ्यांच्या फडांत कामं केली, आणि काही वर्षांनी स्वतःचा फड काढला. सुपारीची बोलणी, ट्रकचं भाडं, तंबूची कनात, शंभरेक माणसांचा शिधा, सगळं एका बाईच्या हिशेबात. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने त्यांना नेलं.

फडाचा हिशेब कसा असतो ते समजून घ्या. दसऱ्याआधी प्रत्येक कलावंत मालकाकडून उचल घेतो. ऊसतोडीला कोयता घेऊन जाणारी माणसं घेतात तशीच. घरी कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, पावसाळ्याचे रिकामे चार महिने, सगळं त्या उचलीतून भागतं. मग मोसमभर काम करून ती फेडायची. मालकानेही ते पैसे व्याजानेच आणलेले असतात. म्हणून जत्रेतली एक रात्र पावसाने गेली, की नुकसान वरपासून खालपर्यंत झिरपतं. वैशाखात फड फुटला की कालची नायिका कुठे खुरपायला जाते, कुठे वीटभट्टीवर.

आणि रोजचं जगणं? पहाटे वग संपतो. बिगारी कनाती सोडतात, खांब उपटतात, ट्रक भरतात. पुढचं गाव शंभर किलोमीटरवर. बाया पेट्यांवर अंग टाकतात. सकाळी उतरलं की आधी पाणी शोधायचं. अंघोळ कनातीच्या आडोशाला. संडास नाही. मासिक पाळीतही पायात घुंगरं बांधायचीच, आणि कापड वाळत घालायला जागा नाही. लेकरू पाच वर्षांचं झालं की आजीकडे किंवा वसतिगृहात. भाच्याने सांगितलं, वाकेनला खेळणाऱ्या कलावंताला मंचामागे गरम पाण्याची न्हाणीघरं असतात आणि जेवण काय हवं ते करारात लिहिलेलं असतं. हे ऐकून मी हिशेब विचारला. मोठ्या बँडलाच सगळं मनासारखं मिळतं म्हणे, पण न्हाणीघर सगळ्यांना.

आवाजाबद्दलही सांगितलं पाहिजे. एके काळी टेंभ्यांच्या उजेडात, मग गॅसबत्तीत, माइकशिवाय तमाशा व्हायचा. बाईचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून पट्टी चढी. चाळिशीत आवाज बसलेल्या किती असतील. माइक आला तेव्हा गळ्याला आराम मिळाला. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट. नियम म्हातारीकोतारी, आजारी, परीक्षेची पोरं यांच्यासाठी योग्यच आहे. पण तमाशाचा जीव वगात, आणि वग उघडायचाच मध्यरात्रीनंतर. आता आठला सुरू करून दहाला आवरायचं म्हटल्यावर गण उरकायचा, गवळण उरकायची, चार सिनेमाची गाणी नाचून दाखवायची की झालं. वग लिहिणारे, वगात राजा-प्रधान रंगवणारे म्हातारे कलावंत घरी बसले. माझ्या काकूला पाठ असलेला तो क्रम आता कुठेच पुरा होत नाही.

मग आलं २०२०. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी २५ मार्च, गुढीपाडवा. वर्षाची कमाई ज्या दिवसांत ठरते नेमक्या त्याच दिवशी सगळ्या जत्रा बंद. उचल घेऊन झालेली, चैत्र समोर आणि हाताला काम नाही. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता, आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. सलग दोन चैत्र गेले. वाकेनही २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षं भरलं नाही. पण तिथली तिकिटं आधीच विकली गेलेली असतात आणि बहुतेक लोकांनी ती पुढच्या वर्षासाठी तशीच राखून ठेवली. फडाचं तिकीट त्याच रात्री कनातीच्या दारात फाटतं. राखून ठेवायला कुणाकडे काही नव्हतं, फेडायला मात्र होतं. त्या दोन वर्षांत किती ढोलक्या, किती हार्मोनियम विकल्या गेल्या असतील.

वाकेन गावावर एक सिनेमा आहे, २००६ सालचा, ‘फुल मेटल व्हिलेज’. तो काढणारी बाई कोरियात जन्मलेली, जर्मनीत राहिलेली, चो सुंग ह्युंग. हजारो लोक मंचाकडे बघत असताना तिने कॅमेरा गावाकडे वळवला, गोठ्याकडे, शेतकऱ्यांकडे, चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्या बायांकडे. त्या म्हाताऱ्या दरवर्षी येणाऱ्या या केसाळ पोरांबद्दल काय काय बोलतात! आपल्याकडे कुणी तसा कॅमेरा धाब्यावर नेला असता तर माझी काकू त्यात असती.

गेल्या चैत्रात जवळच्या एका गावच्या जत्रेत फड आला होता. मी जावेला म्हटलं, चल. आम्ही सात-आठ जणी गेलो. पुढे बसायला जागा नव्हती, म्हणजे जागा होती, पण तिथे बसण्याची रीत नव्हती. आम्ही सतरंजी घेऊन सरळ मंचाच्या उजव्या अंगाला बसलो. थोडी कुजबुज झाली, मग थांबली. गवळणीतल्या मावशीने आम्हाला पाहिलं आणि लगेच दोन वाक्यं आमच्यावर टाकली, अहिराणीत. आम्ही पोट धरून हसलो. दहाला पाच कमी असताना माइक बंद झाला. वग अर्ध्यातच होता, राजाला प्रधानाचं कारस्थान अजून कळायचं होतं. आम्ही आत कनातीकडे गेलो, पुढे काय होतं ते विचारायला. राणीचं काम करणारी बाई खुर्चीवर बसून घुंगरं सोडत होती. घोट्यावर वळ उठले होते. ती म्हणाली, "बसा ताई, सांगते." आणि पुढचा पाऊण तास तिने तिथेच बसून, माइकशिवाय, आम्हाला तो वग शेवटपर्यंत सांगितला. तोवर बाहेर ट्रक भरून झाला होता.